निळ्या गाडीला कुठलं पेट्रोल?

८ नोव्हेंबर, शनिवार

सुगंधाने आज जाहीर केलं की यापुढे जेवताना गाड्यांचा विषय काढायचा नाही. "तुमच्या त्या टर्बोचं काय असेल ते कुठेतरी लिहून ठेवा, माझी आमटी निवते." ऑइलवाला दरवर्षी एक डायरी देतो, ती आजवर तशीच रद्दीत जायची. यंदाची बाहेर काढली. नोव्हेंबरात सुरुवात करतोय म्हणजे मागची सगळी पानं कोरी. असू देत.

विषय निघाला तो निळ्या गाडीवरून. जपानी, दोन दारांची, टर्बोवाली, पंचवीसेक वर्षांची. दहिसरला माझ्या गॅरेजात आजवर बऱ्याच टर्बो आल्या, पण ही उभी असली तरी पळत असल्यासारखी दिसते. मालक विद्याधर कारखानीस, मुलुंडचे. विमा कंपनीत जन्म काढला, रिटायर झाल्यावर आयुष्यभर मनात असलेली गाडी घेतली. माणूस सज्जन, पण बोलतो इतका हळू की देवळात उभा आहे असं वाटावं. बरोबर बायको होती, नीलाताई. पर्स छातीशी धरून दारातच उभ्या राहिल्या, गाडीला बोटसुद्धा लावलं नाही.

गाडीचा कॉम्प्युटर गंजलाय. इंजिनाला पेट्रोल किती सोडायचं, ठिणगी कधी टाकायची, टर्बोने हवा किती दाबायची, हे सगळं तो ठरवतो. त्यामुळे तो दुरुस्त करायचा की नवा घालायचा, आणि गाडी कुठल्या पेट्रोलवर बसवायची, हे आधी नक्की करायला हवं. कारखानीस बरंच काही सांगत होते. कोकणाचं काहीतरी, नीलाताईंचं काहीतरी. मुंबईतला प्रत्येक माणूस कोकणाबद्दल काहीतरी बोलतच असतो. मी मान डोलावली.

माझं ठरलंय. जुना कॉम्प्युटर दुरुस्त करायचा, त्याला एक डबी जोडायची (ती त्याला थोडं फसवते, की हवा जास्त आली तरी तो बिथरत नाही), आणि पेट्रोल शंभर ऑक्टेनचं. ऑक्टेन म्हणजे पेट्रोलचा धीर. धीर कमी असला की ते ठिणगीची वाट बघत नाही, दाबाने आपसूक पेटतं आणि पिस्टनवर ठोका बसतो. त्याला आम्ही नॉकिंग म्हणतो. नॉकिंग झालं की इंजिनाची वाट लागली. शंभरवाल्याला धीर भरपूर. त्याच्यावर ही गाडी वाघ होईल.

१२ नोव्हेंबर

प्रांजलशी वाजलं. माझी मुलगी, मेकॅनिकल इंजिनीअर, लॅपटॉपचं सगळं काम तिच्याकडे. तिचं म्हणणं, जुना कॉम्प्युटर फेका, नवा घाला.

"बाबा, साध्या पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता वीस टक्के इथेनॉल असतं."

"म्हणजे दारू."

"हो, दारूच. पण तिला ऑक्टेन चांगला असतो, इंजिन थंड राहतं. फक्त इथेनॉल जितकं जास्त तितकं इंधन जास्त सोडावं लागतं. नाहीतर मिश्रण पातळ पडतं आणि गरम होतं. जुन्या कॉम्प्युटरला हे कळणारच नाही. नव्याला पाइपात एक सेन्सर बसतो, तो सांगतो आत किती इथेनॉल आलंय."

"आणि नॉकिंग?"

"त्यालाही सेन्सर. इंजिनाच्या अंगावर बसतो, ठोका लागला की टायमिंग मागे घेतो. म्हणजे ठिणगी जरा उशिरा पडते, ठोका थांबतो."

"मग आम्हाला देवाने कान कशाला दिले?"

एरवी ती अशा वेळी चार वाक्यं सुनावते. आज नुसतीच माझ्याकडे बघत राहिली आणि क्लॅम्प आणायला निघून गेली. हल्ली पटकन हार मानते. वाद घालायला मजा येत नाही.

१५ नोव्हेंबर

किरकोळ काम. एका नव्या गाडीचे इंजेक्टर, म्हणजे इंजिनात पेट्रोलचा फवारा मारणाऱ्या नळ्या, तपासले. पूर्वी स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजेक्टरला आणि मूठ कानाला लावली की टिकटिक, टिकटिक सगळं कळायचं. हल्ली एवढे बारीक बनवतात की आवाजच नाही. प्रगती आहे, नाही म्हणत नाही.

दहिसरच्या चिमण्याही गेल्या. एवढे टॉवर उभे राहिले, राहणार कुठे बिचाऱ्या? सुगंधा म्हणाली, खिडकीत रोज सकाळी असतात. तिचं आपलं काहीतरी.

तिने दाराला नवी बेल बसवलीय, वाजली की हॉलमध्ये लाल दिवा लागतो. फॅशन.

२१ नोव्हेंबर

माझ्या मनासारखं झालं. कॉम्प्युटर दुरुस्त होऊन आला, डबी बसली. शंभरवालं पेट्रोल सगळ्या पंपांवर मिळत नाही, बोरिवलीला जाऊन भरून आणलं. प्रांजलने एकच मागणं केलं, इंजिनाला नॉकिंगचा सेन्सर बसवू द्या, नुसता बघायला. म्हटलं, बसव बाई.

काल दुपारी घोडबंदर रोडला चक्कर मारली. मी चालवत होतो, कानाला हेडफोन, त्याची वायर थेट इंजिनावरच्या माइकला. प्रांजल शेजारी लॅपटॉप घेऊन. काय गाडी आहे! टर्बो भरला की पाठ सीटला चिकटते. कानात सगळं साफ. नुसती घरघर, लोण्यासारखी.

"बाबा, टायमिंग जरा मागे घेऊ या का?"

"कशाला? साफ आहे."

"सेन्सर थोडं दाखवतोय."

"सेन्सर व्हॉल्व्हची खडखड पण पकडतो. मशीन आहे ते."

तिने लॅपटॉपवर काहीतरी टिपून घेतलं. आज सकाळी पुन्हा एकदा चालवून बघितली तर गाडी किंचित सुस्त वाटली. थंडीमुळे असेल असं लिहिणार होतो, पण थंड हवेत टर्बो उलट जोर धरतो. कळेना.

२३ नोव्हेंबर

घाटकोपरला सुगंधाच्या भाचीचं लग्न. हॉलमध्ये गर्दी एवढी की कोणाचं काही समजत नव्हतं. सगळ्यांना हसून "हो हो" म्हटलं. घरी आल्यावर सुगंधा म्हणाली, तुमच्या साडूंनी त्यांच्या आईच्या ऑपरेशनचं सांगितलं आणि तुम्ही "झकास" म्हणालात. मला नाही वाटत मी तसं म्हणालो असेन.

२९ नोव्हेंबर, शनिवार

लिहावं की नाही कळत नाही. लिहितो.

आज गाडीची चाचणी मुलुंडला प्रीतमच्या शेडमध्ये होती. त्याच्याकडे डायनो आहे. गाडी जागेवर पट्ट्यांनी बांधतात, चाकं रोलरवर, आणि उभ्या जागी ताशी दीडशेने पळवतात. ताकद किती ते पडद्यावर दिसतं. गाडी दोन दिवसांपूर्वी कारखानीसांकडे सोडली होती, त्यांना बघायचंही होतं, म्हणून तेच घरून ती घेऊन आले. प्रांजल मालाडला पाइप आणायला गेली होती, ती मागून पोचली. त्याआधी पंखे सुरू झाले होते. कारखानीस जवळ येऊन काहीतरी म्हणाले. मी मान डोलावली.

मी गाडीत बसलो. हेडफोन लावला. प्रीतमने तोच माइक शेडमधल्या स्पीकरलाही जोडला होता, सगळ्यांना ऐकू यावं म्हणून. पहिला फेरा साफ. डबीवरून बूस्ट, म्हणजे टर्बोचा हवेचा दाब, थोडा वाढवला, दुसरा फेरा साफ. आकडे मस्त चढत होते. मी मनात म्हटलं, अजून एक पायरी. पाय दाबला.

कानात तीच लोण्यासारखी घरघर. समोर काचेतून मला माणसं दिसत होती. कारखानीसांनी दोन्ही कानांवर हात ठेवले. प्रीतमने दात आवळले, कोणी पाटीवर खिळा ओढल्यावर आवळतो तसे. दारात प्रांजल पोचली होती. तिने हातातला पाइप टाकला आणि धावत सुटली. ती ओरडत होती, तोंड मोठं उघडलेलं दिसत होतं. मला वाटलं, कुठे आग लागली की काय. मी मागे वळून बघितलं आणि पाय तसाच दाबलेला.

तिने दार उघडून माझ्या अंगावरून हात घातला आणि चावी फिरवली.

शेड शांत झाली. शांत झालेली मला कळली, कारण सगळे माझ्याकडे बघत होते.

"काय झालं?" मी विचारलं.

मग प्रीतम म्हणाला, माझ्याकडे तोंड करून, मोठ्याने, जसं म्हाताऱ्या माणसाशी बोलतात: "काका, नॉकिंग. केवढं जोरात. कुकरमध्ये खडे टाकून हलवल्यासारखं. तुम्हाला... हेडफोन बंद होता का?"

प्रांजल पटकन म्हणाली, "हो, वायर सुटली असेल."

मी वायर बघितली. सुटली नव्हती.

३० नोव्हेंबर

गॅरेज बंद. रविवार आहे म्हणून.

२ डिसेंबर, मंगळवार

इंजिन उघडलं. तिसऱ्या पिस्टनची कड तुटलीय, रिंग बसते तिथून. सिलिंडर वाचला. अजून एखादं मिनिट चाललं असतं तर पिस्टनचा तुकडा सगळं घेऊन गेला असता.

तुटलेला पिस्टन हातात घेऊन बराच वेळ बसलो. आजवर लोकांच्या इंजिनातून असे कितीतरी काढले. माझ्या हाताने फुटलेला हा पहिलाच.

दुपारी कारखानीस आले. मी उभा राहिलो. शिव्या द्या म्हटलं असतं, पण तो माणूस शिव्या देणारा नाही. त्यांनी स्टूल ओढून बरोबर माझ्या समोर ठेवलं, गुडघ्याला गुडघा लागेल असं, आणि एकेक शब्द सुटा करून बोलले.

"पेडणेकर, चूक माझीही आहे. त्या दिवशी सकाळी शंभरवालं कुठे मिळालं नाही. मी साधं भरून आलो होतो. शेडमध्ये तुम्हाला सांगितलं. तुम्ही मान डोलावलीत. मला वाटलं, चालत असेल."

मी म्हटलं, "गाडी दुसरीकडे न्या. मी चांगल्या माणसाचं नाव देतो."

"दुसरीकडे कशाला? तुमची मुलगी स्वतःच्या जिवाची पर्वा न करता धावली. मला तीच पाहिजे. आणि तुम्ही."

हे शेवटचं ते का म्हणाले मला समजलं नाही. उपकार म्हणून असेल.

घरी सांगितलं की आता गॅरेज बंद करतो. सुगंधाने पोळीचा उंडा तसाच परातीत टाकला. ती चिडली की तिची मालवणी बाहेर येते.

"बंद करतलास? आणि मगे काय करतलास? कानाक येना नाय ह्यां सांगूक लाज वाटता, म्हणान गॅरेज बंद? मी गेली दोन वर्सां आरडान आरडान बोलतंय घरात, शेजारणीक वाटता नवऱ्याशी भांडतंय!"

मी म्हटलं, "कोणाला ऐकू येत नाही?"

मग ती रडायला लागली. पिठाच्या हातांनी डोळे पुसले, सगळं तोंड पांढरं झालं. मला हसू आलं, आणि मग नाही आलं.

८ डिसेंबर

मालाडला कान तपासायला गेलो. दोघी दोन बाजूंना, मला पकडून नेल्यासारख्या. तपासणारी निधी नावाची मुलगी, प्रांजलच्याच वयाची. काचेच्या खोलीत बसवलं, कानाला हेडफोन, हातात बटण. आवाज आला की दाबायचं.

सुरुवातीला मी झपाट्याने दाबत होतो. मग आवाज थांबले. बराच वेळ थांबले. मला वाटलं मशीन बिघडलं. काचेपलीकडे बघितलं तर निधी एकेक नॉब वर वर नेत होती, आणि प्रांजल तोंड फिरवून उभी होती.

कागदावर एक रेघ काढून दिली. डावीकडे बरी, मग उजवीकडे जाता जाता दरीत उडी मारावी तशी खाली. निधी म्हणाली, "काका, जाडे आवाज तुम्हाला नीट येतात. बारीक, उंच आवाज गेलेत. आयुष्यभर मशिनांच्या आवाजात काम केल्यावर होतं असं."

प्रांजलने बोटाने रेघ दाखवली. "बाबा, त्या निळ्या गाडीच्या सिलिंडरच्या मापाला नॉकिंगचा आवाज साधारण इथे येतो." बोट दरीत होतं. "घरघर तुम्हाला सगळी ऐकू येते. म्हणून साफ वाटतं. तुमचं खोटं नव्हतं."

मी निधीला विचारलं, हे कधीपासून असेल? ती म्हणाली, एका दिवसात होत नाही, चार-पाच वर्षं तरी हळूहळू झालं असेल.

चार-पाच वर्षं. परतताना रिक्षात मी त्या वर्षांतल्या गाड्या आठवत होतो. ठाण्याची पिवळी. अंधेरीच्या त्या कॅमेरामनची. दोघा भावांच्या जुळ्या गाड्या. सगळ्या मी कानाने बसवल्या. सगळ्या अजून चालतायत. एकाचाही पिस्टन तुटला नाही.

कसा तुटला नाही?

प्रांजल शेजारी बसली होती, उजव्या बाजूला. हल्ली नेहमी उजवीकडेच बसते. निधी म्हणाली होती की माझा उजवा कान त्यातल्या त्यात बरा आहे.

मी तिला काही विचारलं नाही.

१९ डिसेंबर

कानात मशीन आलं. दोन. नको नको झालंय.

वर्तमानपत्र उलगडलं की पत्रा फाडल्यासारखं. पापड खाल्ला तर डोक्यात दगड फुटतात. सुगंधाच्या बांगड्या, नळ, पंखा, चपला. माणूस एवढ्या आवाजात जगतो? संध्याकाळपर्यंत डोकं भणभणलं, काढून डबीत ठेवली.

सुगंधा आता हळू बोलते. इतकी वर्षं ओरडून बोलत होती, आता हळू बोलते तर मला वाटतं रागावलीय. दोनदा विचारलं. ती म्हणाली, "रागावले नाही हो. हा माझा खरा आवाज आहे." विसरलोच होतो मी. छान आवाज आहे.

२२ डिसेंबर

खिडकीत चिमण्या आहेत.

३ जानेवारी, शनिवार

नवे पिस्टन मागवायचे तर आधी ठरवायला हवं की गाडी कुठल्या पेट्रोलवर आणि कुठल्या कॉम्प्युटरवर चालणार. कारण पिस्टनच्या आकाराप्रमाणे दाब कमी-जास्त होतो. कारखानीसांना बोलावलं. नीलाताईही आल्या. यावेळी आत येऊन बसल्या.

मी म्हटलं, "पहिल्या दिवशी काय सांगत होता ते परत सांगा. तेव्हा माझ्यापर्यंत पोचलं नाही."

कारखानीस हसले. "एवढंच सांगत होतो, की हिला देवगडला न्यायचंय. हिचे वडील तिथे पोस्टमास्तर होते. शाळा तिथली. लग्न झाल्यावर दरवर्षी जाऊ म्हणायचो. कधी ऑफिसचा मार्च, कधी मुलांच्या परीक्षा, मग माझी आई अंथरुणाला. राहिलं ते राहिलंच."

"बसने जाऊ म्हटलं मी," नीलाताई म्हणाल्या. "पण ह्यांना थाटात न्यायचंय. या वयात! बिल्डिंगमधली पोरं हसतात आम्हाला."

"हसू देत की. घाटातून जाणार, गाडी थांबवत थांबवत. जिथे समुद्र दिसेल तिथे उतरायचं."

मी प्रांजलकडे बघितलं, तिने माझ्याकडे. तिकडे खाडीकाठच्या रस्त्यांना लागलं की दोन मशिनांचे छोटे पंप. शंभरवालं पेट्रोल तिथे कोण ठेवणार? मी बसवलेली गाडी अर्ध्या वाटेत साध्या पेट्रोलवर आली असती, आणि घाटात, भर उन्हात, नीलाताई शेजारी बसलेल्या असताना ठोकायला लागली असती. कारखानीसांना कळलंही नसतं काय होतंय.

शंभरवाल्यावर गाडी वाघ झाली असती हे खरं. पण कारखानीसांनी वाघ मागितलाच नव्हता. तो मला हवा होता.

मग मी आणि प्रांजल दुपारभर बसलो. पेट्रोल: कुठल्याही पंपावर जे मिळेल ते. कॉम्प्युटर: नवा, तिचा. इथेनॉलचा सेन्सर, नॉकिंगचा सेन्सर, दोन्ही. मी म्हटलं, मग जुने रबरी पाइप सगळे बदलायचे, दारू त्यांना खाते. तिला ते सुचलं नव्हतं. म्हणाली, "अरे हो यार," आणि मग जीभ चावली. पिस्टन मी निवडले, दाब थोडा कमी ठेवणारे. ठिणगीचे प्लगही जरा थंड जातीचे, लवकर निवणारे. ती म्हणाली बूस्ट एवढा ठेवू, मी म्हटलं त्याहून कमी, तिने मला समजावलं की नवा कॉम्प्युटर वेळेत मागे घेतो, मी म्हटलं मग तुझ्या मनासारखं.

किती दिवसांनी भांडलो.

२४ जानेवारी, शनिवार

पुन्हा प्रीतमची शेड. रात्री झोप नीट लागली नव्हती. प्रीतमने नेहमीसारखं "या काका" म्हटलं, जास्त काही नाही. बरं वाटलं.

निधीने मला आधीच सांगितलंय की मशीन लावलं तरी सगळे उंच आवाज परत येणार नाहीत. म्हणून हेडफोन मी प्रांजलच्या हातात दिला. तिने तो कानाला लावला नाही, नुसता धरून उभी राहिली.

"तुम्ही बसा ना गाडीत. मी स्क्रीन बघते."

"मी बाहेर थांबतो. तू बस."

मी पुढच्या चाकाशी उभा राहिलो, हात बॉनेटच्या कडेवर. ठोका कानाला नाही आला तरी पत्र्याला येतो का ते बघत. पहिला फेरा. दुसरा. तिने प्रत्येक वेळी थांबून प्लग काढून दिले. प्लग मी अजूनही कोणापेक्षा कमी वाचत नाही. पांढरा पडला की गरम, काळा पडला की पेट्रोल जास्त. हे छान फिकट विटकरी होते, चारही.

शेवटी ती म्हणाली, "बाबा, टायमिंग अजून एक डिग्री पुढे सहज घेईल, ताकद वाढेल. सेन्सर एकदम शांत आहे. घेऊ?"

पूर्वीचा मी हो म्हणालो असतो.

"नको," मी म्हटलं. "इथे पंखे आहेत. घाटात दुपारी दोन माणसं, सामान, एसी चालू, मागे ट्रक लागलेला. ती डिग्री तिथे लागेल. राहू दे त्यांच्याजवळ."

तिने लॅपटॉप मिटला.

संध्याकाळी कारखानीस दोघं गाडी न्यायला आले; नीलाताईंनी घरून उशी आणली होती, सीट खोल आहे म्हणून. पहिल्यांदा गाडीत बसल्या. दार लावून घेतलं आणि कारखानीसांना म्हणाल्या, "यातून उतरायचं कसं?" त्यांना उतरवायला दोघं लागलो. सगळे हसलो, त्या सगळ्यात जास्त.

७ फेब्रुवारी, शनिवार

ते आज पहाटे निघाले. मी आणि प्रांजल गॅरेजात आलो खरे, पण दोघांचंही कामात लक्ष नव्हतं. एका गाडीचं ऑइल काढलं आणि भरायचं विसरलो, बरं की सुरू केली नाही. प्रांजल दर थोड्या वेळाने फोन बघायची आणि मी बघतोय असं दिसलं की खिशात टाकायची.

दुपारी माझा फोन वाजला. आता तो सरळ कानातल्या मशीनमध्ये वाजतो, दरवेळी दचकायला होतं. कारखानीस.

"पेडणेकर, घाट उतरलो. उन्हात, एसी लावून. मध्ये एका छोट्या पंपावर पेट्रोल भरलं, तुमच्या लेकीने सांगितलं होतं तसं बिनधास्त. गाडी काय चाललीय! आत्ता एका वळणावर थांबलोय, इथून समुद्र दिसतो."

हळूच बोलत होते, आणि मला शब्द न् शब्द येत होता. मागे नीलाताई कोणाला तरी सांगत होत्या, बहुतेक रस्त्यावरच्या कुठल्या पोराला, "हात लाव रे, लाव, काही होत नाही. आमचीच आहे."

मी फोन स्पीकरवर टाकून प्रांजलपुढे धरला. कारखानीस तिच्याशी बोलले. ती "हो काका, हो काका" करत राहिली. ठेवल्यावर तिने ओल्या डोळ्यांनी नाक पुसलं, ग्रीसच्या फडक्यालाच, नाकावर काळा डाग.

"माझी पहिली गाडी ना बाबा," ती म्हणाली. "म्हणजे पूर्ण माझ्या डोक्याने."

"पहिली कुठली?" मी म्हटलं. "ठाण्याची पिवळी कोणी केली? कॅमेरामनची? त्या जुळ्या गाड्या? मी घरी गेल्यावर तू परत हेडफोन लावून बसायचीस ना?"

ती फडकं हातात चुरगळत होती.

"तुम्हाला कधी कळलं?"

"रिक्षात. मालाडहून येताना."

"मग बोलला का नाहीत?"

"तू बोललीस का?"

ती हसली, मग तिने कपाळ माझ्या खांद्यावर टेकवलं. लहानपणी टेकवायची तसं, सगळं वजन टाकून. थोडा वेळ तशीच राहिली. कानातल्या मशीनवर तिचे केस घासत होते, खसखस खसखस, वादळासारखा आवाज. मी हललो नाही.

"आता चहा तुम्ही करा," ती म्हणाली. "आजपासून मालकीणबाई मी."

स्टोव्हवर चहा ठेवला. आलं किसायचं की ठेचायचं ते आठवेना, तसंच टाकलं. साखर बहुतेक दोनदा पडली. सुगंधाही डबा घेऊन आली होती, तिघांनी प्यायलो. कोणी काही बोललं नाही. बोललं असेलही. केसांच्या त्या वादळानंतर मशीन मी काढून खिशात ठेवलं होतं.